सातच्या बॅचला बंद पडणारी गाडी

ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीचं एक असतं. ती बंद पडली तर कोणी बॉनेट उघडत नाही, शिकणाऱ्याच्या पायाकडे पाहतात. बाकी कोणाची गाडी चौकात बंद पडली की तो माणूस खाली उतरतो, पेट्रोलचा काटा पाहतो, बॅटरीच्या वायरी हलवून पाहतो, मिस्त्रीला फोन लावतो. आमची गाडी दिवसातून कितीतरी वेळा बंद पडायची आणि आई खिडकीबाहेर पाहत फक्त एक शब्द म्हणायची, "क्लच." अठरा वर्षं हे असंच चालू आहे आणि अठरा वर्षं ते बरोबरच होतं. म्हणून तर या हिवाळ्यात कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंजिन म्हटलं की मला जेवण सुचत नाही.

आई राजापेठेत बायकांना गाडी शिकवते. फक्त बायकांना. घरी आम्ही दोघीच, आणि तिसरी ती गाडी. पांढरी, छोटी, तीन सिलिंडरची, दोन क्लच आणि दोन ब्रेकवाली. मीटरवर तीन लाख किलोमीटरला थोडे कमी, आणि ते काही नागपूर हायवेवर मजेत झालेले किलोमीटर नाहीत. ट्यूशनच्या पोरांच्या स्कूट्यांमधून, पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये, हाताला कंप सुटलेल्या बायकांनी केलेले किलोमीटर. आईची एक सवय आहे. बाई गाडीत बसेपर्यंत तिला "तुमी" म्हणते, किल्ली फिरली की "तू". आणि मग जीभ सुटते. "अवो, पाय हाय का बैलाचा खूर?" "मांजरीच्या पिल्लावर पाय ठेवतो तसा ठेव." "आरशात तोंड नको पाहू, मागचा ट्रक पाहा." बायका हसतात, शिकतात, लायसन घेऊन पेढे आणून देतात.

त्या इंजिनाचा टिकटिक आवाज यायचा. शिलाई मशीन दुसऱ्या खोलीत चालू असावी तसा. अकोल्याचे मामा वर्षातून दोनदा येऊन तो जागेवर आणायचे. मामा म्हणजे आईचे मोठे भाऊ, आयुष्यभर अकोल्यात गॅरेज. ते यायचे ते नेहमी संध्याकाळी. यायचे, आईच्या हातची पाटवडीची भाजी खायचे, झोपायचे, आणि पहाटे गाडीला कोणी हात लावायच्या आत बॉनेट उघडायचे. मला वाटायचं मामा पाटवडीसाठीच मुक्काम करतात. एका तासाचं काम, दुपारी येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जाता येतं की. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. मामा कामात बोलत नाहीत.

मागच्या वर्षी मामांचा गुडघा गेला. दसरा आला तरी ते येऊ शकले नाहीत, आणि आवाज वाढलेला. म्हटलं मी आहे ना. गाडीची पूजा संध्याकाळी होती, तर दुपारी शेवटची बॅच झाली तशी मी गाडी अंगणात लावली आणि वरचं झाकण उघडलं. आता हे जरा सांगावं लागेल. इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात, आणि त्यांना दाबणारी जी बोटं असतात त्यांच्यात आणि व्हॉल्व्हमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. ती फट म्हणजे टॅपेटची सेटिंग. टिकटिक येते ती त्या फटीतूनच. फट मोजायला पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात. मी पट्ट्या नव्याकोऱ्या आणल्या होत्या, पुस्तकात आकडा पाहिला, पंधराची, म्हणजे मिलिमीटरच्या पंधरा शतांशाची, पट्टी घातली, नट आवळले. तरी थोडी टिकटिक राहिलीच. मग अजून थोडं आवळलं, पट्टी अडकेपर्यंत.

आवाज गेला. पूर्ण गेला. मी आईला हात धरून बाहेर आणलं. आई बॉनेटजवळ उभी राहिली, कान दिला आणि म्हणाली, "बंद हाय का चालू?" मी त्या दिवशी आपट्याची पानं वाटत साऱ्या गल्लीत हेच सांगत फिरले.

दिवाळीनंतर भातकुलीच्या ताई आल्या. वय छत्तीस-सदतीस असेल. माळ्याच्या घरच्या, घरचीच मेथी, कोथिंबीर, फुलकोबी. पहाटे भाजीच्या गाडीवर बसून अमरावतीच्या बाजारात यायच्या, माल विकायच्या आणि सात वाजता आमच्या दारात. हाताला मेथीची माती तशीच. त्यांच्या बचतगटानं भाजी वाहायला एक छोटी मालगाडी घेतली होती आणि बारा जणींमध्ये चालवायला तयार झाल्या त्या एकट्या. गटात ठरलं होतं, संक्रांतीपर्यंत लायसन आलं तर गाडी ताईंच्या हातात, नाहीतर एकीचा दीर तयारच बसला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी हे आईला सांगितलं, आणि मी मागच्या सीटवर बसून ऐकलं. थंडीत मला त्या वेळेला कॉलेजला जायचं असायचं, तर आई पहिल्या बॅचमध्येच मला बसस्टॉपवर सोडायची.

"येते काही?" आईनं विचारलं.

"ट्रॅक्टर येते, मॅडम. दिराचा. वावरात चालवला, कोणी नसताना."

"म्हणजे चोरून."

"चोरून म्हणजे काय, वावर आमचंच हाय."

आई हसली. मला त्या आवडल्या. आईलाही आवडल्या होत्या, हे मी आत्ता ठामपणे सांगते, कारण पुढचं वाचून कोणाला तसं वाटणार नाही.

गाडी पहिल्या दिवशी चार वेळा बंद पडली. ठीक आहे, पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी सहा वेळा. आठवडा झाला तरी तेच. गिअर टाकला, क्लच सोडायला लागल्या, गाडी हलली, दोन आचके आणि बंद.

"क्लच," आई म्हणाली.

"मॅडम, मी तर हळूच सोडला."

"हळू सोडला तर बंद काहून पडली? इंजिनाले काय तुया राग आला?"

"नाही."

"मंग?"

"पाय चुकला असन."

"ट्रॅक्टरची सवय हाय तुले, म्हणून तोडून टाकते क्लच. हे ट्रॅक्टर नाही. पिल्लावर ठेव पाय. पिल्लावर."

मी मागे बसून ऐकत होते आणि मला इंजिन नीट वाटत नव्हतं. गाडी नुसती उभी असतानाही सीट हलत होती. हलणं सारखं नव्हतं, दोन ठोके नीट आणि तिसरा गायब, लंगड्या माणसाच्या चालीसारखं. एक दिवस मी म्हटलंच, "आई, गाडी मिसिंग मारून राहिली."

"थंडी हाय. माणूस तरी सकाळी उठल्या उठल्या सरळ चालते काय?"

पण मला राहवेना. त्या दिवशी कॉलेजमध्ये एकाही तासाला लक्ष नाही, मोबाइलवर नुसते व्हिडिओ. दुपारी घरी आले ती बॉनेट उघडूनच बसले. मोबाइलला जोडायचं स्कॅनर लावलं, एकही चूक दाखवली नाही. स्पार्क प्लग काढले, काळे झाले होते, नवे टाकले. गाडी चालू केली, एकदम मऊ. मी ओरडत आत गेले, सापडलं, प्लग होते. दुसऱ्या दिवशी सात वाजता ताई बसल्या आणि गाडी पाच वेळा बंद पडली.

मग प्लगच्या वायरी. मग हवा आत जायचा मार्ग सगळा खोलून धुतला, काळं काळं पाणी निघालं, मी फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. मग रबरी नळ्या तपासल्या, कुठून फुटल्या आहेत का. प्रत्येक वेळी दुपारी चारनंतर, प्रत्येक वेळी गाडी चालू केली की मऊ, आणि प्रत्येक वेळी मी आईला सांगितलं, आता शंभर टक्के. चार वेळा शंभर टक्के झालं. दुपारी ती गाडी चार-पाच बॅच करून गरम झालेली असते आणि गरम असताना ती नीटच चालायची, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

ह्यानं काय झालं, तर आईला पुरावा मिळाला. आधी ती नुसतं "क्लच" म्हणायची. आता म्हणायला लागली, "पोरीनं सारी गाडी तपासली हाय. प्लग नवे, वायरी नव्या. गाडीत काही नाही." ताई मान हलवायच्या. मागे वळून माझ्याकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "हुशार हाय पोरगी." खरंच तसं म्हणायच्या, टोमणा नव्हता तो.

डिसेंबर लागला आणि थंडी वाढली तसं ताईंचं बोलणं कमी झालं. आधी त्या मेथीचा भाव सांगायच्या, गटातल्या भांडणाच्या गोष्टी सांगायच्या, कोणाशी कोण बोलत नाही ते सांगायच्या. आता किल्ली फिरवायच्या आधी पाय दोनदा खाली घासायच्या. क्लच सोडताना ओठ दाबून धरायच्या. गाडी बंद पडली की आईनं काही म्हणायच्या आधीच त्या स्वतः म्हणायच्या, "क्लच."

टेस्ट सकाळची होती. आरटीओच्या मैदानात गाड्यांची रांग, आमची गाडी दीड तास उभी, गारठलेली. ताईंचा नंबर आला. सुरुवातीलाच दोन वेळा बंद पडली, मग वळणावर तिसऱ्यांदा. साहेबांनी कागदावर खूण केली आणि पुढच्याला बोलावलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, मीही तेच केलं असतं. आई म्हणाली, "होते असं, घाबरू नको, पुन्हा देऊ." आठ-दहा दिवसांनी दुसरी टेस्ट. तीच रांग, तीच थंडी. या वेळी रिव्हर्स घेताना मधोमध बंद पडली आणि चालूच होईना. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "काकू, ढकलू का?" आणि बाकीचे हसले.

आम्ही घरी आलो. आमच्या दारासमोर दोन नव्या बायका चौकशीला येऊन उभ्या होत्या. आई उतरली, आणि त्यांच्यासमोर, ताईंकडे नीट न पाहता म्हणाली, "राहू दे, बाई. काही जणींच्या पायातच नसते."

"हो, मॅडम," ताई म्हणाल्या. त्यांच्या सीटला माती लागली होती. त्यांनी पदरानं ती पुसली, दार हळूच लावलं आणि स्टँडकडे चालत गेल्या.

त्या परत आल्या नाहीत. सातच्या बॅचला आईनं एक कॉलेजची मुलगी घेतली, स्कूटी सुसाट चालवणारी, कशालाच न घाबरणारी. तिच्याकडूनही बंद पडायला लागली. आई म्हणाली, "आजकालच्या पोरींचं लक्ष कुठी असते."

नवं वर्ष लागलं की आई हजेरीची वही बदलते. जुन्या वहीतल्या, अजून शिकत असलेल्या बायकांची नावं आणि शेरे नव्या वहीत उतरवायचं काम माझं. आई प्रत्येकीपुढे रोज दोन-तीन शब्दांचा शेरा लिहिते. आरसा पाहत नाही. डावीकडे जाते. छान. मी चहा पीत पटापट उतरवत होते. ताईंचं पान उतरवायचं नव्हतं, पण पलटताना नजर गेली. बंद पाडते. बंद पाडते. क्लच. क्लच. बंद पाडते. आणि मधेच एका ओळीत, आईच्याच अक्षरात, "आज चांगली चालवली. एकदाही बंद नाही."

त्या दिवशी काय झालं होतं ते मला आठवलं. ताईंच्या घरी सकाळी काही कार्यक्रम होता म्हणून त्या दुपारी चारला आल्या होत्या.

चहा तसाच राहिला. मी कॉलेजच्या मुलीचं पान काढलं. सात वाजता, बंद पाडते. मग ताईंच्या आधी सातला कोण होतं ते पाहिलं. दसऱ्याच्या आधीपर्यंत सातच्या बायका बाकीच्यांसारख्याच, कधी बंद, कधी नाही. दसऱ्याच्या नंतर जी कोणी सातला बसली ती गाडी बंद पाडते. आठच्या, नऊच्या, दुपारच्या बायका ठीक. पायांचा आणि घड्याळाचा काय संबंध? मी वही तशीच उचलून आईकडे नेली. तिनं दोन्ही पानं पाहिली, चष्मा काढला, परत लावला.

"मामाकडे ने गाडी," ती म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी एकटीच गाडी घेऊन अकोल्याला निघाले. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव, गाडी गरम आणि गुपचूप, जसं काही झालंच नाही. मधूनमधून मात्र चढावर एक बारीक झटका द्यायची, आता गरम असतानाही. मामा गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसले होते, गुडघ्याला पट्टा. मी उतरताच भडाभडा सगळं सांगायला लागले, प्लग, वायरी, स्कॅनर, वही. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "बंद कर. उद्या पाहू."

"आत्ता काय झालं? उघडू ना."

"गरम हाय ते."

सकाळी उजाडल्यावर मामांनी बॉनेटमध्ये हात घालून इंजिनावर तळवा ठेवला, आजाऱ्याचा ताप पाहतात तसा. गार होतं. मग त्यांनी जुन्या पेपरची एक लांब पट्टी फाडली आणि मला म्हणाले, "चालू कर, अन मागे ये."

गाडी चालू झाली आणि लंगडायला लागली. मामांनी ती कागदाची पट्टी सायलेन्सरच्या तोंडासमोर धरली. कागद धुरानं बाहेर उडायचा, फड, फड, आणि मग एकदम आत ओढला जायचा, नळीला चिकटायचा. परत फड, फड, आणि आत. मी दोन महिने व्हिडिओ पाहिले होते आणि हे कुठेच पाहिलं नव्हतं.

"धूर बाहेर टाकते का आत ओढते?" मामा म्हणाले.

"दोन्ही."

"मंग व्हॉल्व्ह मिटत नाही याचा."

त्यांनी इन्सुलेशनच्या पकडीनं एकेका प्लगची टोपी काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन अजून बिघडलं. दुसरी काढली, बिघडलं. तिसरी काढली, काहीच फरक नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. मग त्यांनी गाडी बंद केली, झाकण उघडलं, पट्टी घेतली आणि तिसऱ्याच्या फटीत घालायला गेले. गेली नाही. त्याच्याहून पातळ घेतली. गेली नाही. सर्वात पातळ घेतली, ती वाकली. बाकी दोघांचीही फट जेमतेमच होती.

"कोणं बसवलं हे?"

"मी."

"कवा?"

"दसऱ्याला. दुपारी. बॅच झाल्यावर."

मी बोलत सुटले, पुस्तकात पंधरा लिहिलं होतं, मी पंधराच ठेवलं, थोडं अजून आवळलं कारण आवाज येत होता. त्यांनी गाडीच्या कप्प्यातलं ते पुस्तक आणायला लावलं. त्या पानावर दोन ओळी होत्या. वरची थंड इंजिनाची, पंधरा. खालची गरम इंजिनाची, पंचवीस. गरम झालं की या इंजिनाचं डोकं, म्हणजे व्हॉल्व्ह बसलेला वरचा भाग, फुगतं आणि फट वाढते. मी गरम इंजिनात थंडीची फट ठेवली, वरून आवळली. म्हणजे रात्रभर थंड झालं की फट उरतच नव्हती, व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहायचा, आणि सकाळी सातला सिलिंडरमधला जोर तिथून निघून जायचा. म्हणून मामा मुक्कामाला यायचे. पाटवडीसाठी नाही.

"आवाज गेला म्हणून खूश झाली असशीन," मामा म्हणाले.

"हो."

"तो आवाज यायलेच पायजे होता, माय. थोडा आवाज म्हणजे फट हाय. मले विचारायचं एक फोन करून."

"तुमी कधी सांगितलंच नाही."

"हो," ते म्हणाले. पट्ट्या पुसत परत म्हणाले, "हो, ते खरं."

इंजिनाचं डोकं उतरवलं. तिसऱ्याचा धूर सोडणारा व्हॉल्व्ह काठाला कुरतडल्यासारखा जळाला होता, उंदरानं भाकर खावी तसा. नवा आणला. बाकीचे जागेवर घासून बसवायचे होते. मामांना उकिडवं बसता येत नव्हतं, तर मी बसले. व्हॉल्व्हला चिकटणारी रबरी वाटी लावलेली काठी, खाली घासायची पेस्ट, आणि ती काठी दोन्ही तळव्यांमध्ये रवीसारखी फिरवायची. दोन दिवस. हाताला फोड आले. दुपारी आईला फोन केला आणि सगळं सांगितलं, न थांबता, सांगून टाकलं की सुटेल असं वाटलं होतं.

मग आई म्हणाली, "म्हणजे ते बाई बराबर सोडत होती क्लच."

"हो."

"दोन महिने."

"हो, आई."

"तू ये गाडी घेऊन," आई म्हणाली, आणि फोन ठेवला. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

संक्रांतीला चार दिवस होते तेव्हा मी गाडी घेऊन परत आले. टिकटिक परत आली होती, थोडीशी, शिलाई मशीनवाली. रस्त्यातच, मूर्तिजापूरला चहासाठी थांबले तेव्हा मी मोबाइलवरून ताईंच्या टेस्टसाठी परवाची वेळ घेऊन टाकली होती. त्यांचा अर्जाचा नंबर आईच्या फाइलमध्ये होता, आईला फोन करून मागितला. मला वाटत होतं, अजून वेळ आहे. गाडी नीट, ताई आधीपासून नीट, परवा टेस्ट, संक्रांतीच्या आत लायसन. मी गाडीत एकटीच मोठ्यानं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही दोघी भातकुलीला गेलो. त्यांचं वावर विचारत विचारत शेवटी एका अरुंद पांदणीत, वावरातल्या गाडीवाटेत, पोचलो, दोन्ही बाजूंनी बाभळी. ताई विहिरीजवळ मेथीच्या जुड्या बांधून पोत्यात भरत होत्या. आईला पाहून त्यांनी हात धुतले, बसायला पोतं टाकलं. आई बसली नाही.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," आई म्हणाली. तुमी. "गाडी बिघडली होती. माह्या पोरीच्या हातून बिघडली. अन मी तुमाले नको ते बोलली."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टॅपेटचं सांगायला लागले, थंड, गरम, पंधरा, पंचवीस. त्या ऐकत होत्या, पण मला दिसत होतं की ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी मधेच थांबले आणि म्हटलं, "उद्याची टेस्ट घेऊन ठेवली आहे, ताई. होते अजून."

"गाडी त्यायच्याकडे गेली," त्या म्हणाल्या. "गटातल्या त्या बाईच्या दिराकडे. मीच सांगितलं मीटिंगमधी का मले नाही जमत. दोनदा फेल झाली, तर काय सांगू?"

"परत सांगा ना," मी म्हटलं. "सांगा, गाडीतच बिघाड होता."

"कोण मानन, पोरी? आता चांगली झाली का मंग आठवलं, असं म्हणतीन."

आई म्हणाली, "एकदा बसा. एक चक्कर. तुमाले तरी समजन."

त्या नको म्हणत होत्या. आईनं दार उघडून धरलं, तेव्हा बसल्या. आई बाजूला, मी मागे, नेहमीसारखी. किल्ली फिरवली. इंजिन सारखं चाललं होतं, तिन्ही ठोके, एकही गायब नाही, सीट हलत नव्हती. ताईंनी पाय दोनदा खाली घासला. ओठ दाबला. गिअर टाकला. आणि त्यांनी पाय एकदम उचलला, विस्तवावरून उचलतात तसा.

गाडी बंद पडली.

आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. "परत," ती हळू म्हणाली. "पुन्हा एकदा."

पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदाही तसंच. इंजिनात काही नव्हतं, मी कान देऊन ऐकत होते, दोन दिवस हातानं घासलं होतं मी ते, त्यात काहीच नव्हतं. हा पायच होता. दिवाळीला त्या आल्या तेव्हा हा पाय नव्हता त्यांच्याकडे.

"गाडी चांगली झाली ना आता?" ताईंनी विचारलं.

"हो," आई म्हणाली.

"मंग पाहा," त्या म्हणाल्या, आणि किल्ली काढून आईच्या हातात दिली. "मॅडम, तुमी एवढ्या दूर आल्या. कोणी येत नाही." त्या उतरल्या आणि परत जुड्या बांधायला बसल्या.

मी उद्याच्या वेळेचं परत एकदा बोलणार होते. आईनं माझ्या हाताला चिमटा घेतला. आम्ही थोडा वेळ तशाच गाडीत बसलो. आई शिकवायच्या बाजूला होती, तिचे दोन्ही पाय तिच्या क्लच-ब्रेकवर ठेवलेले, गाडी बंद असतानाही.

तेवढ्यात समोरून पांदणीत बचतगटाची मालगाडी आली, माल भरायला. चालवणाऱ्यानं आम्हाला पाहून हॉर्न दिला, मग परत दिला. ताईंनी पोती उचलून हौद्यात टाकली, एकेक करून, आणि शेवटी स्वतः वर चढून पोत्यांवर बसल्या, त्यांना वस्तीपर्यंत जायचं होतं. समोरची कॅबिन अर्धी रिकामी होती. पांदण अरुंद, दोन गाड्या मावत नव्हत्या. आई उतरून स्टिअरिंगवर आली आणि आम्हीच गाडी मागे घ्यायला लागलो, मान वळवून, बाभळीच्या काट्यांना घासत, पार डांबरी रस्ता लागेपर्यंत.